खिडकी नंबर तीनची सरासरी

३ तारीख, सोमवार

वही आणली, कारण डोक्यात मावेना. ऑफिसात लिहायला वेळ फक्त जेवणाच्या सुट्टीतला. जिन्यात बसून लिहिते आहे.

आज साहेबांनी बोलावून सांगितलं, "बाई, नवीन सॉफ्टवेअर आलंय. त्यात आपलं ऑफिस बसवायचं." मला वाटलं फर्निचरबद्दल बोलतायत. तसं नव्हतं. आपलं दाखल्यांचं ऑफिस, खालच्या पाच खिडक्या, येणारी माणसं, टोकन, बाकं, सगळं जसंच्या तसं कॉम्प्युटरात उभं करायचं आणि बटण दाबलं की आतली खोटी माणसं रांगेत उभी राहायला लागतात. मग खिडक्या कमी करून बघायच्या, जास्त करून बघायच्या. खऱ्या माणसांना त्रास नाही.

मी तिसऱ्या मजल्यावर आकडेवारी विभागात. विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. एकोणीस वर्षं मी बेरजा केल्या. रांग कधी केली नाही.

"महिनाअखेर अहवाल द्या," साहेब म्हणाले. "किती खिडक्यांत भागतं, तेवढंच सांगा."

५ तारीख, बुधवार

सॉफ्टवेअरवाल्यांची मदतीची लाइन आहे. पलीकडे एक बाई असतात, आवाज इतका शांत की आपण वेंधळे आहोत हे आपोआप कळतं. त्यांनी समजावलं. एकेक प्रयोग हातानं चालवायचा नाही. सगळे पर्याय एका तक्त्यात मांडायचे आणि एकदम बॅच सोडायची. माझे पर्याय असे: खिडक्या तीन, चार किंवा पाच. रांग प्रत्येक खिडकीची वेगळी किंवा सगळ्यांची एक. कामाचा वेग आहे तसा, किंवा साहेब म्हणतात तसा, प्रत्येकी चार मिनिटं. तीन गुणिले दोन गुणिले दोन, बारा. प्रत्येक पर्याय तीस वेळा चालवायचा. म्हणजे तीनशे साठ दिवसांचं ऑफिस अर्ध्या तासात.

मी सोडली बॅच. पहिल्या पर्यायाचे तीस निकाल आले, तीसही वेगळे. कधी सरासरी थांबणं अठरा मिनिटं, कधी एकतीस. तेच ऑफिस, त्याच खिडक्या. मग खरं कुठलं? फोन केला. बाई म्हणाल्या, "तसंच यायला हवं." मी बरं म्हटलं. कळलं काहीच नाही.

६ तारीख, गुरुवार

जमलं. 'सीड' नावाचा एक रकाना होता, त्यात मी सगळीकडे सात आकडा भरला. आता तीसच्या तीस निकाल अगदी एकसारखे, दशांशापर्यंत. साहेबांना दाखवले. ते खूश. म्हणाले, "याला म्हणतात अचूकता."

घरी हे म्हणाले, "आज चेहरा बरा दिसतोय तुझा." यांचा मात्र दिसत नव्हता. हे शाळेत चित्रकला शिकवतात. धाकटे भावजी गेल्याला आता सात महिने होतील. त्यांची खोली कुलूपबंद आहे, मालक दर आठवड्याला मृत्यूचा दाखला मागतो. मी पुन्हा म्हटलं, "अहो, एक पानाचा फॉर्म आहे. माझंच ऑफिस. पाच मिनिटांचं काम. द्या, मी भरते."

"भरतो मी," म्हणाले आणि उठून खिडकी लावायला गेले. खिडकी लावलेलीच होती.

७ तारीख, शुक्रवार

नाही जमलं. फोनवरच्या बाई म्हणाल्या, सीड म्हणजे बी. एकच बी तीस कुंड्यांत पेरलं तर तेच झाड तीसदा उगवणार. मी एकच दिवस तीस वेळा मोजत होते. साहेबांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "असू दे. पहिला तक्ता मी वर पाठवला आहे."

वर म्हणजे कुठे, ते विचारायचं राहिलं.

११ तारीख, मंगळवार

आज खिडकी नंबर तीनचं प्रकरण. टोकनचं यंत्र प्रत्येक माणसाची वेळ नोंदवतं. खिडकीवरचा कारकून बटण दाबून पुढचा नंबर बोलावतो, त्यावरून कळतं. गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या. बाकी चार खिडक्यांची सरासरी चार-साडेचार मिनिटं. तीन नंबरची तेरा.

तीन नंबरवर जे बसतात त्यांना सगळं ऑफिस सावकाशराव म्हणतं. तोंडावरही. ते 'ओ' देतात. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. जेवणाचा डबासुद्धा ते असा उघडतात की बघणाऱ्याचं जेवण होऊन जातं.

एकसष्ट नोंदी पंचवीस मिनिटांवरच्या निघाल्या. एक तर बावन्न मिनिटांची. एकसष्टपैकी अठ्ठावन्न तीन नंबरच्या. एक कोरा फॉर्म घ्यायला बावन्न मिनिटं कशी लागतील? बटण दाबायला विसरले असणार. साहेब म्हणाले, "चुकीच्या नोंदी काढून टाका, नाहीतर सगळं बिघडेल." काढून टाकल्या. तक्ता एकदम नीटनेटका दिसायला लागला.

हे आज उशिरा आले. मंगळवारी शाळा अर्धा दिवस असते. म्हणाले, मुलांची चित्रं लावत होतो.

१२ तारीख, बुधवार

एक सुतार खाली खिडक्यांची मापं घेत होता. बरं झालं, दोन नंबरची फळी कधीची खिळखिळी झाली आहे. पण तो माप घेत होता एक आणि पाचचं, आणि तेही आख्ख्या चौकटीचं, वरपासून खालपर्यंत. मी म्हटलं, "दोन नंबर मोडकी आहे हो." तो म्हणाला, "मला जे सांगितलं तेच मापतोय, बाई." सरकारी कामात असंच. दुखतं एकीकडे, मलम दुसरीकडे.

१३ तारीख, गुरुवार

निकाल इतके सुंदर आले की भीती वाटली. तीन खिडक्या, चार मिनिटांचा वेग, थांबणं सरासरी सहा मिनिटं. खाली जिन्यापर्यंत माणसं उभी असतात आणि कॉम्प्युटर म्हणतो सहा मिनिटं.

फोन. शांत बाईंनी विचारलं, "वॉर्म-अप किती ठेवलाय?" मी म्हटलं, दोन तास. मला वाटलं होतं यंत्राला जरा हातपाय मोकळे करायला वेळ द्यावा. त्या म्हणाल्या, तेवढ्या वेळातलं सॉफ्टवेअर मोजतच नाही. म्हणजे मी सकाळची दहा ते बाराची अख्खी गर्दी गाळली होती. उरली दुपार, जेव्हा खालचा शिपाईसुद्धा पेंगतो.

वॉर्म-अप शून्य केला. सहाचे एकोणीस झाले. साहेबांना सांगितलं. "तरी तीन खिडक्यांत भागतं ना?" एवढंच म्हणाले. भागतं असं दिसतंय खरं. पण एकोणीस वर्षं जिन्यावरून ती रांग बघते आहे. ती तीन खिडक्यांत भागणारी रांग नाही. कॉम्प्युटरवर विश्वास ठेवावा की जिन्यावर?

१६ तारीख, रविवार

कपडे धुतले. यांच्या शर्टाच्या खिशात धुऊन लगदा झालेला कागद निघाला, जाडसर, चिठ्ठीएवढा. बसचं तिकीट असावं. पण हे शाळेत पायी जातात.

विचारणार होते. हे गॅलरीत बसून पेन्सिलला टोक करत होते. टोक झालं तरी करतच होते. नाही विचारलं.

१८ तारीख, मंगळवार

साहेबांनी आज दार लोटून घेतलं. म्हणाले, तीन खिडक्या ठेवायच्या असं जवळपास ठरलंय. सावकाशरावांना तळघरात जुन्या नोंदींकडे पाठवायचं. तुमचा अहवाल त्याला आधार होईल.

"म्हणजे अहवालाच्या आधी ठरलंय?" मी विचारलं.

"तुमच्या पहिल्या तक्त्यावरूनच ठरलं की. तुमचंच काम आहे ते, बाई."

मग तो सुतार एक आणि पाच नंबर बंद करायलाच मापं घेत होता, ते आत्ता कळलं. मी मापं घेणाऱ्याला शहाणपण शिकवत होते.

तीस कुंड्या आणि एक बी. तो तक्ता.

१९ तारीख, बुधवार

कागदावर कळेना म्हणून खाली गेले आणि तीन नंबरच्या मागे स्टूल टाकून दोन तास बसले. सावकाशराव म्हणाले, "या." कशाला आलात ते विचारलंही नाही.

एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या दाखल्यासाठी आले होते. फॉर्मवर बायकोचं नाव एक, जुन्या कागदावर दुसरंच. दोन नंबरनं हा फॉर्म 'नाव जुळत नाही' शिक्का मारून परत केला असता, रोज करतात. सावकाशरावांनी फॉर्म फिरवून स्वतःकडे घेतला आणि विचारलं, "घरात काय म्हणून हाक मारायचे त्यांना?" गृहस्थांनी सांगितलं. मग माहेरचं नाव निघालं, मग दोन्ही नावं असलेला कुठला तरी कागद पिशवीच्या तळाशी निघाला. अठरा मिनिटं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आज होईल का आमचं?" सावकाशरावांनी मान वर केली नाही. पण गृहस्थ उठले तेव्हा त्यांचं काम झालेलं होतं. पुन्हा यायचं नव्हतं.

मी विचारलं, "बटण दाबायला विसरता का हो कधी? बावन्न मिनिटांची नोंद आहे तुमची."

"विसरत नाही. माणूस उठल्याशिवाय बटण कसं दाबू?"

"बावन्न मिनिटं कोण बसतं?"

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बसतात काही जण," आणि पुढचा नंबर बोलावला.

२० तारीख, गुरुवार

माझ्या कॉम्प्युटरातली माणसं खिडकीवरून उठली की घरी जातात आणि संपतात. खरी माणसं परत येतात. शिक्का मारलेला फॉर्म घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा टोकन काढतात. हे मी मांडलंच नव्हतं. एकोणीस वर्षं जिन्यावरून तेच तेच चेहरे बघितले, आणि नवी माणसं म्हणून मोजले.

शांत बाईंना विचारलं, परत येणाऱ्यांना पुन्हा रांगेकडे नेणारा बाण आकृतीत काढता येतो का. त्या म्हणाल्या, "येतो ना. मी वाटच बघत होते तुम्ही कधी विचारता." मग आधी सांगायचं नाही का?

पण किती परत येतात, ते काढायला अर्जांचे नंबर खिडक्यांशी जुळवावे लागतील. सहा महिन्यांचे. आणि काढून टाकलेल्या एकसष्ट नोंदी परत घालाव्या लागतील.

२१ तारीख, शुक्रवार

दिवसभर जुळवलं. बाकीच्या चार खिडक्यांवरून शंभरातले अडतीस परत येतात. तीन नंबरवरून पाच.

दोनदा केलं. तेच आलं.

मग त्या एकसष्ट नोंदी आणि त्यानंतरच्या नव्या एकेक बघितल्या. एका अर्जाचा नंबर चार वेळा, चारही वेळा खिडकी तीन. चारही मंगळवार, दुपार. एकतीस मिनिटं, चाळीस, बावन्न, सत्तावीस. शेराच नाही. कागद कमी नाही, शिक्का नाही. नुसताच आलेला माणूस. यंत्राचा घोळ असेल म्हणून अर्ज उघडला.

मृत्यूचा दाखला. मृताचं नाव भावजींचं. अर्जदाराचा पत्ता आमचा. अक्षर यांचं, चित्रकलेच्या मास्तरांचं, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेलं.

यातल्या पहिल्या तीन नोंदी मी चुकीच्या म्हणून काढून टाकल्या होत्या. दहा दिवसांपूर्वी. माझ्या हातानं.

२२ तारीख, शनिवार

दिवसभर मी यांच्या मागे मागे राहिले, आणि मागे आहे असं दाखवलं नाही.

राग आला आहे का? आला आहे. माझ्याच ऑफिसात तीन मजले खाली येऊन, टोकन खिशात ठेवून परक्या माणसासमोर बसले, आणि घरी मला म्हणाले चित्रं लावत होतो. मग आठवतं, मी काय म्हणत होते ते. पाच मिनिटांचं काम. सात महिन्यांत किती वेळा म्हटलं असेल मी ते. रागावू कुणावर, तेच ठरेना.

२४ तारीख, सोमवार

नवी बॅच लावली. बारा पर्याय, परत येणाऱ्यांच्या बाणासकट, प्रत्येकी तीस वेळा, वेगवेगळं बी. यावेळी एकेक दिवस सुटा नाही, सलग दोन आठवडे, म्हणजे आज परत पाठवलेला उद्या येऊन उभा राहील. तीन खिडक्या आणि सगळ्यांचा वेग चार मिनिटं, या पर्यायात चौथ्या दिवशी रांग फाटकाबाहेर जाते आणि मग कमी होतच नाही. तीसपैकी सव्वीस वेळा. मग उलटं करून बघितलं. चार खिडक्या, त्यातल्या दोन सावकाशरावांसारख्या. तक्ता सुंदर नाही. काही दिवस बरे, काही वाईट. पण रांग फाटकाच्या आत राहते.

फोनवर विचारलं, "हे खरं आहे का?" बाई म्हणाल्या, "तुम्ही घातलेलं खरं असेल तर साधारण खरं." आता साधारण खरं म्हणजे काय, हे साहेबांना कोण सांगणार.

२५ तारीख, मंगळवार

मीच सांगितलं. पहिला तक्ता चुकीचा होता आणि चूक माझी होती, यापासून सुरुवात केली. बसायला सांगितलं नाही, म्हणून उभ्यानंच.

साहेब बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. "या नोंदी तुम्हीच काढल्या होत्या ना?"

"हो."

"मी सांगितलं म्हणून."

"हो. पण बघायचं काम माझं होतं."

"आणि आता परत घातल्या. उद्या आणखी काही सापडलं तर पुन्हा बदलाल. बाई, तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूनं आहात?"

"कळत नाही, साहेब," मी म्हटलं. खरंच कळत नव्हतं. "पण त्या एकसष्ट नोंदी म्हणजे यंत्राची चूक नाही. ती माणसं आहेत. त्यातल्या एकाला मी ओळखते."

कोण, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ते म्हणाले, वर कळवल्याला तीन आठवडे होत आले, सुतारानं फळ्या कापायला घेतल्यात, आता तोंड कसं दाखवू. पहिल्यांदाच वाटलं, साहेबांनाही कुणीतरी दार लोटून घेऊन काहीतरी सांगितलं असणार. कागद ठेवून घेतले. जा म्हणाले.

२८ तारीख, शुक्रवार

तीन दिवस काहीच नाही. आज हुकूम निघाला. पाच नंबरची खिडकी बंद, कारण फळी कापून झाली आहे. एक नंबर चालू राहणार. सावकाशराव जिथे आहेत तिथेच. आणि चार नंबरवर तीन महिन्यांसाठी मी. चारचे कारकून वर माझ्या कपाटाशेजारी.

शिक्षा आहे की बढती, कुणालाच सांगता येईना. मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, "दोन सावकाश खिडक्या हव्यात असं तुमचाच अहवाल म्हणतो. दुसरी कुठून आणू?"

३१ तारीख, सोमवार

खिडकीवरचा पहिला दिवस. नऊ माणसं झाली. नऊ. चारचे जुने कारकून दिवसाला ऐंशी-नव्वद करायचे. एका बाईंच्या मुलीच्या जन्मतारखेत दोन वर्षांचा फरक होता. विचारायला लागले तर त्या सांगेनात, मग सांगायला लागल्या तर थांबेनात, आणि कामाचं वाक्य सगळ्यात शेवटी आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आता दोन दोन सावकाशराव झाले." शेजारून सावकाशरावांनी आपला पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला, बस.

घरी आले. हे स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. शेवटी मीच म्हटलं, "तीन नंबरवर येत होता तुम्ही."

सुरी थांबली. "सावकाशरावांनी सांगितलं?"

"नाही. नोंदीत सापडलं."

हे खाली बसले. मीही समोर बसले. मग तेच विचारलं जे कुणीही विचारेल. "काय बोलायचात त्यांच्याशी एवढा वेळ?"

"काही नाही. नुसता बसायचो. फॉर्म पहिल्याच दिवशी भरून झाला होता, एक रकाना सोडून. मृताशी नातं. तिथे पेन टेकवायचो आणि पुढे जमायचं नाही. ते म्हणायचे, बसा. दुसरे कागद बघत राहायचे. लोक मागून ओरडायचे. एकदा मी म्हटलं, तुम्हीच लिहा ना, मोठा भाऊ. ते म्हणाले, लिहितो, पण तुम्हाला लिहायचंय असं दिसतंय."

"मग?"

"चौथ्या वेळी लिहिलं."

मी म्हणणार होते, मला सांगायचं होतंत. नाही म्हटलं. सांगितलं असतं तर मी पेन घेऊन लिहून टाकलं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

हे उठले, चित्रांच्या कागदांच्या खणातून दाखला काढला. दोन प्रती. नाव बरोबर, तारीख बरोबर, वय एकेचाळीस. "एक मालकाला देतो उद्या. खोली उघडायला तू येशील?"

येईन म्हटलं. दुसरी प्रत यांनी माझ्याकडे दिली. घरातले सगळे कागद मी ठेवते, नावनिशीवार, माझ्या फायली ऑफिसपेक्षा नीट आहेत. पण हा कुठल्या फाइलीत जातो, कळेना. दाखल्यांच्या? यांच्या? भावजींच्या नावाची फाइल आपण कधी केलीच नव्हती. दोन फायली उघडल्या, दोन्ही मिटल्या. सध्या या वहीत ठेवला आहे.